मन वळवण्याची कसोटी

ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी अनेकांत मगदूम सकाळपासून हात जोडत होता. दशलक्षण पर्व संपलेलं, क्षमावाणीचा दिवस, त्यातून रविवार. जैनांच्या घरात या दिवशी वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची माफी मागतात. आपण ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं, समोरच्यानंही तेच म्हणायचं, की मिटलं. अनेकांतच्या आईचे, राजमतीबाईंचे, कुरुंदवाडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन लावून झाले होते. त्यानं स्वतः मंदिराच्या दारात चाळीसेक लोकांची माफी मागितली, आणि त्यातल्या एकाचंही त्यानं कधी काही वाकडं केलेलं नव्हतं. जिचं केलं होतं ती तीन महिन्यांपूर्वी मेली होती.

म्हणून दुपारी चारच्या सुमाराला तो राजारामपुरीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, एक जुनं टेबल पुसत होता. काम साधंच. धूळ झटकायची, चार खुर्च्या मांडायच्या, चहाचा थर्मास आणून ठेवायचा. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. पत्र्यावर कबुतरं नखं वाजवत फिरत होती आणि शेजारच्या टाकीतून पाणी थेंबाथेंबानं गळत होतं. चौथी खुर्ची मांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज तिघंच आहेत. त्यानं ती उचलली, आणि मग का कोण जाणे, परत तिथंच ठेवली.

हा माणूस आठवडाभर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत ओतीव भाग तपासायचा. पास की रिजेक्ट, एवढंच ठरवायचं. रविवारी मात्र तो या खोलीत ‘मास्तर’ असायचा. खेळ असा, की टेबलाभोवती चार-पाच जण बसतात आणि प्रत्येकजण गोष्टीतलं एक पात्र होतो. मास्तर गोष्ट सांगतो. समोर तट आहे, वीस हात उंच, असं तो म्हणाला की कुणीतरी म्हणतं, मी चढतो. चढेल की पडेल? तिथं वीस बाजूंचा फासा येतो. मास्तर आकडा ठरवतो, तेवढा किंवा त्याच्या वर पडला की चढला. याला त्यांच्या टेबलावर कसोटी म्हणत. ऐकण्याची कसोटी, लपण्याची, पोहण्याची, मन वळवण्याची.

कसोटी कुठं लावायची आणि कुठं नाही, यातच मास्तरचं सगळं कसब. ज्यात हरण्यासारखं काही नाही तिथं फासा टाकायचा नाही. जे होणंच शक्य नाही तिथंही टाकायचा नाही. आणि एक नियम या सगळ्यांच्या वरचा. फाशानं पहारेकऱ्याचं मन वळवावं, राजाचं वळवावं, पण टेबलावर बसलेल्या जित्या खेळाडूच्या पात्राचं मन फाशानं कधी वळवायचं नाही. त्या पात्राला काय वाटतं ते त्या खेळाडूनंच सांगायचं. नव्यानं खेळायला येणाऱ्यांना अनेकांत हा नियम तावातावानं शिकवायचा. आणि मे महिन्यातल्या एका रविवारी त्यानं स्वतःच तो मोडला.

निशिगंधा शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिच्या हातांना कायम स्पिरिटचा वास असायचा. तिला अधूनमधून फिट यायची. एकदा याच खोलीत खेळताना फिट आली होती, म्हणून टेबलावरच्यांना ते माहीत होतं, बाहेर कुणाला नाही. उन्हाळ्यात तिचं बिद्रीच्या एका मुलाशी जमत आलं. मुलगा चांगला होता. त्याला फिटचं आपण स्वतः भेटून, डोळ्यांत बघून सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. रविवारी भेटणार होती. टेबलावरच्याच अमरसिंह खाडेनं ते शुक्रवारीच सांगून टाकलं, मुलाच्या चुलत्याला, पानपट्टीवर उभं राहून, हसत हसत. का? काही कारण नाही. जिभेला हाड नाही म्हणून. अमरसिंह दुचाक्यांच्या शोरूममध्ये गाड्या विकायचा आणि बोलल्याशिवाय त्याचा घास गिळत नसे. स्थळ मोडलं.

आणि तरी तो पुढच्या रविवारी खेळायला आला. तीही आली. खेळ रंगात आल्यावर त्याच्या पात्रानं, एका भामट्या सरदारानं, तिच्या पात्रापुढं गुडघे टेकले आणि म्हणाला, मला माफ कर. सगळ्यांना कळलं तो कशाबद्दल बोलतोय. निशिगंधा म्हणाली, “नाही.” साधं, स्वच्छ, कुणालाही ऐकू जाईल असं नाही. त्यावर अमरसिंह अनेकांतकडं वळला आणि म्हणाला, “मास्तर, मन वळवायची कसोटी लावूया की.” बाकीचे हसले. अनेकांतला फक्त दुपार नासायला नको होती. भांडणं त्याला झेपत नसत. तो म्हणाला, “टाक. अठरा लागतील.”

एकोणीस पडले.

“माझं मन फाशानं वळवतोस, अनेकांत?” तिनं विचारलं.

“अगं, खेळात. पडलं ते पडलं, नियम आहे. तुझं पात्र माफ करतंय. म्हण एकदा तोंडानं, म्हणजे पुढं जाऊ.”

तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. तिच्या हातातली पेन्सिल कागदात रुतली होती. “माफ केलं,” ती म्हणाली, आणि परत कधी त्या खोलीत आली नाही. जूनमध्ये एका सकाळी न्हाणीघरात तिला फिट आली आणि दार आतून बंद होतं.

एवढ्यावरही भागलं नाही. दिवसकार्याला अमरसिंह तिच्या आईसमोर बसला आणि डोळे पुसत म्हणाला, “काकू, निशूनं मला माफ केलतं. समद्यांसमोर म्हणली. इचारा मास्तरला.” त्या माउलीनं अनेकांतकडं बघितलं. आणि या शहाण्यानं मान हलवली. हो म्हणाला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात जी तिडीक बसली होती ती उतरायला तयार नव्हती. अमरसिंहाचं नाव ऐकलं तरी त्याचे कान तापायचे, आणि त्याच्याहून जास्त तो स्वतःवर जळायचा. आज क्षमावाणीच्या दिवशी ती कसोटी रद्द करायची, तिच्या बहिणीसमोर आणि अमरसिंहासमोर, आणि मग दोघांनी तिच्या आईकडं जाऊन खरं काय ते सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मेलेल्या बाईचं ‘नाही’ तिला परत द्यायचं होतं. दुसरं काही देण्यासारखं त्याच्याजवळ नव्हतंच.

संयोगिता आधी आली. निशिगंधाची धाकटी बहीण, फार्मसी शिकणारी, बोलण्यात तिच्यासारखीच सरळ. सांगितल्याप्रमाणे तिनं ताईचा कागद आणला होता, प्लास्टिकच्या फाइलीत. पात्राचं नाव, त्याला काय काय येतं याची यादी, सगळं निशिगंधाच्या बारीक अक्षरात. अनेकांतनं तो चौथ्या खुर्चीसमोर ठेवला.

“दादा, लवकर सोडा हं मला,” संयोगिता म्हणाली. “आज प्रतिपदा. आमच्यात म्हाळ लागला. आई म्हणत होती, आजच्या दिवशी ताईची वस्तू घराबाहेर नेऊ नको.”

अनेकांतच्या हे ध्यानातही नव्हतं. जैनांच्या घरात पितृपंधरवडा पाळत नाहीत. त्याला हा दिवस फक्त माफी मागण्याचा म्हणून ठाऊक. ज्या दिवशी त्याच्या घरात जिवंतांना हात जोडतात, त्याच दिवशी निम्म्या गावात मेलेल्यांना बोलावणं जातं, ही गाठ त्याला आयुष्यात कधी घालावी लागली नव्हती. तो नुसताच, “असं होय,” म्हणाला.

खालून राजमतीबाई ओरडल्या, “अन्या, साडेसहाच्या आत जेवायला खाली ये रे. दिवस मावळल्यावर मी वाढणार न्हाई.”

मग जिन्यात बूट वाजले आणि अमरसिंह आला. नेहमीसारखा, सगळ्या खोलीचा जावई असल्यासारखा. “काय मास्तर, बऱ्याच दिसांनी याद केली. आज उत्तम क्षमा न्हवं का तुमची? चला, मी बी मागतो. कुणाचं काय चुकलं आसंल तर—”

“बस,” अनेकांत म्हणाला.

पुठ्ठ्याचा आडोसा त्याच्यापुढं उभा होता. प्रत्येक मास्तरपुढं असतो तसा, हातभर रुंद, दुमडता येणारा; त्याच्यामागं काय आहे ते खेळाडूंना दिसत नाही. अनेकांतनं घसा साफ केला. “मे महिन्यात मी एक कसोटी लावली होती. ती चुकीची होती. लावायलाच नको होती. ती मी आज रद्द करतोय. निशिगंधानं नाही म्हटलं होतं, आणि तेच तिचं खरं उत्तर. तिनं तुला माफ केलेलं नाही, अमर. आज आपण दोघं तिच्या आईला जाऊन हे सांगायचंय.”

मग संयोगिता हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे… ताई ते खेळात बोलली होती?”

अनेकांतनं मान हलवली.

“फासा टाकून?” ती उठली. “माझी आई तीन महिने त्या एका वाक्यावर झोपतीया, अमरदादा. आपली पोर मन मोकळं करून गेली म्हणती. तुम्ही फासा टाकून वदवून घेतलंत? आणि वर आमच्याच घरात येऊन जेवलात?”

“आगं, खेळात काय आन् बाहेर काय, मनातलंच येतंय की तोंडात—” अमरसिंह बोलत होता तोवर तिनं त्याच्या कानाखाली ओढली. आवाज पत्र्यात घुमला, कबुतरं उडाली. अनेकांतला खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपण इतके दिवस जे करायला हवं होतं ते या पोरीनं दोन मिनिटांत केलं, म्हणून लाजही वाटली.

अमरसिंह गाल चोळत हसला. असल्या माणसाला मारलं तरी तो हसतोच. “बरं. मास्तर, तुझाच नियम, पडलं ते पडलं. पटत नसंल तर परत टाकूया. तिचा कागद हितं हाय. अठरा पडलं तर माफी पक्की, परत कुणी तोंड उघडायचं न्हाय.”

“फासा खाली ठेव,” अनेकांत म्हणाला. “तिच्यावर परत फासा टाकायचा नाही. अमर, मी सांगतोय. ठेव.” रागानं त्याचा आवाज फाटला होता.

अमरसिंहानं टाकला. जोरात, चिडून. फासा टेबलावर आपटला, उसळला आणि आडोशावरून पलीकडं, अनेकांतच्या बाजूला पडला.

तो गिरगिरत राहिला. खर्रर्र असा लाकडावरचा आवाज, प्रत्येक खेळाडूला सवयीचा. दोन सेकंद, चार, दहा. फासा इतका वेळ फिरत नाही. अनेकांतनं मान खाली घालून आडोशामागं बघितलं. तिथं त्याची वही होती, चष्म्याचं घर होतं, आणि रिकामं लाकूड होतं. आवाज तिथूनच येत होता.

मग तो थांबला.

“किती पडलं?” अमरसिंहानं विचारलं.

“इथं फासा नाहीय,” अनेकांत म्हणाला.

“खाली पडला आसंल, बघ की—”

तेवढ्यात तो परत वाजला. या वेळी आधी तळहातांत खुळखुळल्याचा आवाज आला, मग टाकल्याचा. बारा वर्षं अनेकांतनं हेच केलं होतं. मास्तर कधीकधी आडोशामागं गुपचूप कसोटी घेतो. खेळाडूंना नुसता आवाज ऐकू येतो. कुणासाठी टाकला, कशाचा टाकला, किती पडले, काही कळत नाही. सगळे एकदम गप्प होतात आणि मास्तरच्या तोंडाकडं बघतात. त्याला त्या गप्प होण्याची गंमत वाटायची. आता तो स्वतः आडोशाच्या अलीकडं असल्यासारखा गप्प झाला. आणि त्याच्या नाकात स्पिरिटचा वास शिरला, इंजेक्शनच्या आधी दंडावर चोळतात तसा, गार.

“संयोगिता,” तो म्हणाला, “तू खाली जा.”

ती अजून उभीच होती, मुठी आवळून, मानेच्या शिरा ताठ. आणि अनेकांतच्या डोळ्यांदेखत तो राग तिच्या चेहऱ्यावरून उतरला. शांत होणाऱ्या माणसाला वेळ लागतो, तो धुसफुसतो, रडतो. इथं तसलं काही झालं नाही. फळ्यावरचं पुसावं तसं कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं पुसलं गेलं. मुठी उघडल्या. ती खुर्चीत बसली आणि अमरसिंहाकडं बघून गोड हसली.

“जाऊ दे, अमरदादा,” ती म्हणाली. “माफ केलं मी तुम्हाला.”

“आसं बघ,” अमरसिंह म्हणाला. पण त्याचाही आवाज जरा खाली गेला होता.

“संयोगिता, तू आत्ता… काय म्हणालीस?”

“माफ केलं म्हटलं. काय झालं त्यात, दादा?”

आडोशामागं फासा परत खुळखुळला.

हा आपल्यासाठी आहे, हे अनेकांतला कळलं. आतापर्यंत टेबलावर दोघंच रागावलेले होते. त्यातली एक आता हसत बसली होती. त्यानं टेबलाची कड धरली. पानपट्टी, तो मनाशी म्हणाला. शुक्रवार. मुलाचा चुलता. निशिगंधा रविवारी स्वतः सांगणार होती. ‘इचारा मास्तरला’ म्हणाला हा, आणि मी मान हलवली. तो एकेक गोष्ट आठवत होता आणि तिला घट्ट पकडत होता, कारण हा राग त्याला हवा होता. तिच्यासाठी त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. माझ्यावर काढ, तो मनात म्हणाला, मला काय करायचं ते कर, पण हे घेऊ नको.

फासा पडला. एकदाच टक् असा आवाज झाला आणि थांबला.

त्याला वाटलं होतं, दुखेल. नाही दुखलं. ओल्या हातातून साबण निसटतो तसं काहीतरी सुळकन गेलं. पानपट्टी आठवत होती, शुक्रवार आठवत होता, पण आता त्या नुसत्या गोष्टी होत्या, कुणातरी दुसऱ्याच्या. छातीत कोमट, छान वाटत होतं. आणि त्या कोमटाच्या पार तळाशी कुणीतरी दार बडवत होतं, कडी काढा म्हणून ओरडत होतं, आणि तो आवाज त्याचा स्वतःचा होता.

“अमर,” त्याचं तोंड म्हणालं, “उत्तम क्षमा. माफ केलं बघ.”

“अन्या,” खालून आई ओरडली, “सव्वासहा झाले.”

फासा कुणालाच सापडला नाही. फार शोधलाही नाही. संयोगितानं जाताना कागद टेबलावरच सोडला, अमरसिंह दोघांच्या पाठीवर थापा मारून गेला, आणि अनेकांतनं वेळेत जेवण केलं.

आता यापुढचं ऐका. त्या कागदावर प्रत्येक गुणाच्या नावापुढं दहा चौकटी छापलेल्या असतात. एखाद्या कसोटीत पात्र यशस्वी झालं की खेळाडू एका चौकटीत पेन्सिलीनं खूण करतो. निशिगंधाच्या कागदावर ‘मन वळवणे’ यापुढच्या चौकटी कोऱ्या होत्या. तिनं सहा वर्षांत कधी कुणाचं मन वळवायची कसोटी मागितली नव्हती. तिला बोलायचं ते ती तोंडावर बोलायची. सोमवारी सकाळी अनेकांत टेबल आवरायला वर गेला तेव्हा तिथं दोन खुणा होत्या.

त्याला भीती वाटायला हवी होती. त्यानं ‘अरेच्चा’ म्हटलं आणि कामाला गेला. फौंड्रीत चिरा पडलेले चार भाग त्याच्या हातून पास झाले. साहेबानं सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली, तेव्हा हा हसला.

मंगळवारी संयोगिताचा फोन आला. आईला सगळं खरं सांगितलं म्हणाली, खेळाचं, फाशाचं. आई पहिल्यांदा खूप चिडली, ताट भिरकावलं, आणि मग एकाएकी निवळली. बाबा पण. “अमरदादांना उद्या चहाला बोलावलंय त्यांनी,” संयोगिता म्हणाली. तिचा आवाज मधात बुडवल्यासारखा होता. त्या दिवशी कागदावर चार खुणा झाल्या.

बुधवारी पाचवी, गुरुवारी सहावी. कुणाच्या, ते अनेकांतला हळूहळू कळत गेलं, कारण अमरसिंहच फोन करून आनंदानं सांगायचा. बायको तेजस्वी वर्षभर माहेरी रुसून बसली होती, ती आपली आपण परत आली. बाप, बाळासो, चार वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. तो शेतातून भाजी घेऊन दारात उभा राहिला. बिद्रीच्या मुलानं फोन करून सांगितलं, झालं गेलं विसरून जाऊ. मग आठवी खूण शोरूमच्या मालकाची असणार. नववी कुणाची ते कळलं नाही. ज्यांच्या ज्यांच्या मनात अमरसिंहाबद्दल काही होतं ते सगळे एकेक करून निवळत होते. आणि अनेकांत रोज सकाळी वर जाऊन चौकटी बघायचा, दहावी कोरी आहे एवढं पाहून खाली यायचा. कागद फाडावा असं त्याला कधी वाटलं नाही. फाडायला थोडा तरी राग लागतो.

पुढच्या मंगळवारी सकाळी नऊला अमरसिंह आला. बूट न वाजवता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो गच्चीवरच्या खोलीत येऊन त्याच खुर्चीत बसला.

“मास्तर,” तो म्हणाला, “एक काम कर. मला शिवी घाल.”

“का रे?”

“घाल की. आईवरनं घाल, बापावरनं घाल. काल शोरूमात गिऱ्हाइकाची नवी गाडी पाडली मी. मुद्दाम. टाकी चेपली. गिऱ्हाईक हसलं, मास्तर. म्हणलं, आसू दे दादा. परवा तेजस्वीवर हात उगारला. ती हसली. रस्त्यात मधीच गाडी उभी केली, मागचा ट्रकवाला खाली उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “ह्यवढ्या लोकांचा राग गेला कुठं? आँ? कुठंतरी साठत आसंलच की… कुणाकडं तरी.”

अनेकांत त्याच्याकडं प्रेमानं बघत होता. त्या प्रेमाच्या तळाशी दार अजून बडवलं जात होतं, पण आता फार लांबून.

“एक जण तरी रागावलेला ऱ्हाऊ दे माझ्यावर,” अमरसिंह म्हणाला. “कुणीतरी मधी पाहिजे रे… ती आन् मी, ह्येच्या मधी. तू तर खरा चिडलातास. तुझ्या हक्काचा राग हाय. पाया पडतो. पानपट्टीवर जे बोललो ते सहज न्हवतं, आता सांगतो. तिला मी इचारलं हुतं लग्नाचं. न्हाय म्हणली. म्हणून बोललो. मुद्दाम बोललो. आता तरी घाल शिवी.”

अनेकांतनं प्रयत्न केला. खरोखर केला. त्यानं दात आवळले, कपाळावर घाम आला, ‘भ’ पर्यंत जीभ नेली. त्याला तो हरामखोर माणूस समोर दिसत होता, सगळं कबूल करून बसलेला, आणि त्याला एक शिवी देणं म्हणजे त्याचा जीव वाचवणं होतं, हेही त्याला स्वच्छ दिसत होतं. तोंड उघडलं.

“माफ केलं,” तो म्हणाला. अगदी गोड आवाजात.

टेबलावर कागद पडला होता. दोघांच्याही हातात पेन्सिल नव्हती. दहाव्या चौकटीत एक बारीक रेघ आली, मग तिला छेद देणारी दुसरी.

अमरसिंह त्या खुणेकडं बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरची भीती उतरली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एकसारखी.

“जाऊ दे,” तो म्हणाला आणि हसला. “एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मी बी मला माफ केलं.”

तो उठला, केस सारखे केले आणि जिना उतरला. अनेकांत त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेला. ऊन पडलं होतं, गल्लीत भाजीवाली हाळी देत होती, समोरच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. अमरसिंहानं गाडी स्टँडवरून काढली, किक मारली. पण तो लगेच निघाला नाही. टाचेनं मागचं फूटरेस्ट उघडलं, सीटवर टाकीकडं चार बोटं पुढं सरकला, आणि मान न वळवता म्हणाला, “बसलीस?”

घटकाभर थांबून त्यानं मान हलवली आणि गाडी हळूच, मागं कुणी असल्यावर चालवतात तशी जपून, कागलच्या रस्त्याकडं वळवली.